एनटीयूझर डॉट डॅट : घरच्या कॉम्प्युटरमधल्या एका फाइलची गोष्ट

सिंहगडाच्या पायथ्याशी राहायचं, इतिहासाचा पॉडकास्ट करायचा आणि अख्खा भाग कॉम्प्युटरमधल्या एका फाइलवर घालवायचा, यावरून मला आधीच दोघांनी टोकलंय. पण मी शिक्षणाने बीटेक, पोटापाण्याने सॉफ्टवेअरवाली. दोन-चार भागांनी एकदा माझ्या गल्लीतला इतिहास सांगायचा हक्क मी राखून ठेवलाय. तर ऐका. (आणि ज्यांना ऐकायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'तर' निम्मे काढलेत, निम्मे ठेवलेत.)

तुमच्या घरी विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर सी ड्राइव्हमध्ये 'युझर्स' नावाचं फोल्डर आहे. त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, आणि त्यात एक लपवलेली फाइल : एनटीयूझर डॉट डॅट. बहुतेकांनी ती आयुष्यात पाहिलेली नसते. डेस्कटॉपवर मागे कुठला फोटो लावलाय, माऊस डावऱ्या हाताचा आहे का, कुठला प्रिंटर आधी उघडायचा, 'डॉक्युमेंट्स' म्हणजे नेमकं कुठलं फोल्डर, कीबोर्ड इंग्रजी की मराठी, हे सगळं त्या एका फाइलीत. कॉम्प्युटर सुरू करून तुम्ही पासवर्ड टाकता तेव्हा ती उघडते, आणि ती उघडली म्हणून कॉम्प्युटर 'तुमचा' होतो. ती उघडली नाही तर तुमचे फोटो, पत्रं, हिशेब सगळं डिस्कवर जागच्या जागी असतं, पण कॉम्प्युटर तुम्हाला ओळखत नाही. समोर कोरा डेस्कटॉप येतो. घरातला माणूस तो पाहतो आणि म्हणतो, सगळं गेलं.

हे असं का घडतं, याचा इतिहास बराच मागे जातो. सुरुवात १९६१ पासून करावी लागते.

आता १९६१ म्हटलं की खडकवासल्यात दुसरंच काही आठवतं. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यापुढे एकोणिसाव्या शतकातलं आमचं दगडी धरणही टिकलं नाही. पुढे पुण्याच्या पेठांत काय झालं ते तुम्ही घरोघरी ऐकलं असेल. त्यानंतर चार महिन्यांनी, नोव्हेंबरात, अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली चालवून दाखवली. दोन्हींचा संबंध काही नाही, फक्त साल एक. पण सीटीएसएसमुळे एका मोठ्या मशीनवर एकाच वेळी अनेक माणसं काम करू लागली, आणि मग प्रश्न आला : कोणाच्या फाइली कोणाच्या? उत्तर म्हणून प्रत्येकाला स्वतःचा कप्पा आणि त्याला कुलूप. कॉम्प्युटरच्या पासवर्डची गोष्ट सांगताना इथूनच सुरुवात करतात.

कप्पे केले की कप्प्यांची सरमिसळही आलीच. त्याच प्रणालीवर १९६०च्या दशकात एक नमुनेदार प्रकार झाला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करत होते. एक जण आल्यागेल्याला दिसणारी 'आजची सूचना' लिहीत होता, दुसरा पासवर्डची यादी दुरुस्त करत होता. एडिटर तात्पुरत्या फाइलीला दोघांसाठी एकच नाव देत होता. दोन्हींची अदलाबदल झाली आणि त्यानंतर जो जो लॉगिन करेल त्याच्यासमोर सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. ही हकीकत खुद्द कोर्बातोंनी त्यांच्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितली आहे. मला त्यांचं ते सांगणं फार आवडतं. आपल्याकडे एवढा मान मिळाल्यावर माणूस सहसा सत्काराचं भाषण करतो.

पुढे युनिक्स आलं. तिथे प्रत्येकाचं 'होम', आणि आवडीनिवडी छोट्या छोट्या फाइलींत, ज्यांची नावं टिंबाने सुरू होतात. टिंबाने सुरू होणारी नावं यादीत दिसत नाहीत. हा काही फार विचार करून घेतलेला निर्णय नव्हता. रॉब पाइक यांनी लिहिलंय की यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला 'टिंब' आणि 'टिंब टिंब' अशा दोन खास नोंदी वगळायच्या होत्या. लिहिणाऱ्याने फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं. झालं, त्या आळसातून लपलेल्या फाइलींची प्रथा पडली. पण या पद्धतीत एक सुख आहे. पन्नास फाइलींपैकी एक बिघडली तर बाकीच्या एकोणपन्नास शाबूत राहतात.

विंडोजमध्येही आधी तसंच होतं. आयएनआय नावाच्या साध्या मजकुराच्या फाइली, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येणाऱ्या. पण त्या वाढत गेल्या, जिकडेतिकडे पसरल्या, त्यांना ६४ केबीची मर्यादा होती, आणि कोणाची आवडनिवड कोणती हे त्यांना सांगता येत नव्हतं. म्हणून १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ आलं तेव्हा सगळं एका बांधीव कोठारात भरलं. तीच रेजिस्ट्री. तिच्या एकेका फाइलीला म्हणतात 'हाइव्ह', म्हणजे मधमाश्यांचं पोळं. रेमंड चेन या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या इंजिनिअरने याचं कारण सांगितलंय : एनटी बनवणाऱ्यांपैकी एकाला मधमाश्यांचा भयंकर तिटकारा होता, म्हणून रेजिस्ट्री लिहिणाऱ्याने मुद्दाम जमेल तिथे मधमाश्या घुसडल्या. पोळं, पोळ्यातल्या पेशी, सगळं आलं. आज जगभर करोडो कॉम्प्युटरांत ती थट्टा बसलेली आहे.

एनटी हे ऑफिसचं सॉफ्टवेअर होतं, हे इथे लक्षात ठेवा. ऑफिसात माणूस आज या टेबलावर, उद्या त्या. त्याची ओळख कॉम्प्युटरपासून सुटी असायला हवी, म्हणून प्रोफाइल. ते सर्व्हरवरून आणता येतं, परत पाठवता येतं, आणि त्यावर लक्ष ठेवायला पगारी माणूस असतो.

घरात तेव्हा ९५ आणि मग ९८ होतं. विंडोज ९८ला माणसांशी देणंघेणं नव्हतं. ते नाव-पासवर्ड विचारायचं, पण तुम्ही एस्केप दाबलंत तरी आत सोडायचं. आमच्या पिढीतल्या अनेकांची सुरक्षाव्यवस्थेशी पहिली ओळख तीच! पण त्याने एक काम मात्र शहाण्यासारखं केलं होतं. स्कॅनरेग नावाचा प्रोग्रॅम रोज एकदा रेजिस्ट्रीची प्रत काढायचा आणि शेवटच्या पाच प्रती जपून ठेवायचा. आज बिघडलं तर कालची घ्या, कालची बिघडली असेल तर परवाची.

२५ ऑक्टोबर २००१ ला एक्सपी आलं आणि घरातल्या कॉम्प्युटरमध्ये एनटी शिरलं. आमच्याकडे कॉम्प्युटर घरोघरी पोहोचण्याचा काळही हाच. एमकेसीएल २००१ मध्ये सुरू झालं, पाठोपाठ एमएस-सीआयटी आलं, आणि 'पोराला कॉम्प्युटर यायला पाहिजे' म्हणून कुणी हप्त्यावर, कुणी सुटे भाग जुळवून डबा घरी आणला. एक्सपीची कल्पना अशी होती की आईचं वेगळं खातं, बाबांचं वेगळं, मुलांचं वेगळं. प्रत्येकाला छोटं चित्र : बदक, गिटार, बुद्धिबळाच्या सोंगट्या. मराठी घराने काय केलं? जोडून देणाऱ्या पोराने 'यूझर' किंवा 'होम' नावाचं जे एक खातं बनवून दिलं होतं, त्यातच सगळं घर नांदलं. आईच्या पाककृती, बाबांचा पीपीएफ, ताईचा प्रोजेक्ट, लग्नाचे फोटो आणि माझा गेम. ज्या खोलीत एकाने राहायचं तिथे पाच जण राहिले. म्हणजे ती एक फाइल बिघडली की घरातल्या पाचही जणांना कोरा डेस्कटॉप.

आता बिघडते कशी ते सांगते, कारण इथे खरी गंमत आहे.

ज्यांच्या घरात दुकान आहे त्यांना किर्द आणि खतावणी माहीत असेल. व्यवहार झाला की आधी किर्दीत टिपायचा, मग सवडीने खतावणीत त्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. खतावणी लिहिताना शाई सांडली तरी किर्दीवरून पुन्हा लिहिता येते. रेजिस्ट्रीही हेच करते. एनटीयूझर डॉट डॅट ही खतावणी, तिच्या शेजारी असलेल्या 'लॉग' फाइली म्हणजे किर्द. शिवाय खतावणीच्या पहिल्याच पानावर दोन आकडे असतात. लिहायला सुरुवात करताना पहिला आकडा एकाने वाढतो, लिहून संपलं की दुसरा त्याच्या बरोबरीला येतो. पुढच्या वेळी फाइल उघडताना विंडोज ते दोन आकडे बघतं. सारखे असतील तर ठीक. वेगळे असतील तर लिहिता लिहिता काहीतरी घडलंय, आता किर्द काढा.

पद्धत चांगली आहे, पण तिला दोन गोष्टी लागतात : वीज आणि इमानदार डिस्क. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमनाची होती. वेळापत्रक असलं तरी ते पाळायचंच असं काही नव्हतं. त्यात डिस्कची एक खोड. 'लिहिलं' असं ती सांगते तेव्हा कधी कधी मजकूर तिच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो, तबकडीवर उतरलेला नसतो. आणि एनटीएफएस ही फाइल प्रणाली अपघातातून स्वतःला सावरते ती फोल्डर, नावं, आकार यांच्यापुरती. फाइलीच्या आतल्या मजकुराची हमी ती घेत नाही. म्हणून वीज गेल्यावर अशी फाइल सापडते जिचं नाव बरोबर, आकार बरोबर, आणि मधली चार पानं नुसती शून्यं.

वीज न जाताही बिघाड होतो. तुम्ही लॉगऑफ करता, पण एखादा अँटिव्हायरस किंवा प्रिंटरचा प्रोग्रॅम ती फाइल धरून बसलेला असतो. एक्सपीच्या काळात हे इतकं व्हायचं की मायक्रोसॉफ्टने त्यासाठी वेगळी सेवा काढली होती, चिकटून बसलेल्यांचे हात सोडवणारी. व्हिस्टापासून ती आतच बसवली.

आणि मग स्वतः अपडेटच. २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं १८०९ हे अपडेट आलं आणि काही दिवसांतच मागे घ्यावं लागलं, कारण काही जणांच्या प्रोफाइलमधल्या फाइली खरोखरच पुसल्या गेल्या. ज्यांनी 'डॉक्युमेंट्स'सारखी फोल्डरं दुसऱ्या ड्राइव्हवर वळवली होती, त्यांच्या जुन्या जागी उरलेल्या फोल्डरला अपडेटने रिकामी दुसरी प्रत समजून काढून टाकलं. काहींच्या बाबतीत ती रिकामी नव्हती. सुधारून ते पुन्हा आलं १३ नोव्हेंबरला. फेब्रुवारी २०२० मधल्या केबी ४५३२६९३ या अपडेटने वेगळाच धसका दिला. काही लोकांना लॉगिन केल्यावर कोरा डेस्कटॉप. त्यांचं प्रोफाइल पुसलं गेलं नव्हतं, नाव बदलून बाजूला ठेवलं गेलं होतं, आणि त्यांना बसवलं होतं तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये.

हे तात्पुरतं प्रोफाइल म्हणजे या सगळ्या गोष्टीतला खरा धोका. मूळ फाइल उघडली नाही तर विंडोज तुम्हाला दाराबाहेर ठेवत नाही, 'टेम्प' नावाच्या फोल्डरमध्ये बसवतं. दिसायला सगळं नवं कोरं. माणूस वैतागतो, आणि मग कामाला लागतो. दिवसभर टाइप करतो, डेस्कटॉपवर ठेवतो. संध्याकाळी साइन आउट केलं की ते फोल्डर पुसलं जातं. म्हणजे बिघाडाने जे नेलं नव्हतं ते त्यानंतरच्या कामाने जातं.

गेल्या पावसाळ्यात हे आमच्या घरी आलं. आम्ही २०२१ पासून कागदोपत्री पुणे शहरात आहोत, पण वारा सुटला की लाइट जायची ती जातेच. कॉम्प्युटर बंद होत असतानाच गेली, आणि यूपीएसची बॅटरी कधीच म्हातारी झालेली. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला ऑफिसात फोन केला. बाबा घाबरले की फार हळू बोलतात.

"आजोबांचं काही दिसत नाहीये गं."

आजोबांनी निवृत्तीनंतर टायपिंग शिकून ४१ पानं लिहून ठेवली होती. पाण्याआधीचं गाव, पाण्याचा दिवस, आणि नंतर शेतात बसलेल्या गाळाचं काय केलं ते. ते गेले त्याला सात वर्षं झाली. हाताने लिहिलेलं काही नव्हतं. मी बाबांना एवढंच म्हणाले, "बाबा, काही टाइप करू नका, बंद करू नका, स्क्रीन तशीच ठेवा." ते संध्याकाळपर्यंत खुर्चीतून उठले नाहीत, असं आई सांगते. लाइट परत जाईल म्हणून.

घरी येऊन सी ड्राइव्ह, युझर्स. जुनं फोल्डर होतं, पूर्ण होतं. आधी ते जसंच्या तसं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, मग दुरुस्तीला हात घातला. हा क्रम उलटा कधी करू नका. विंडोजच्या नोंदवहीत १५११ आणि १५१५ या क्रमांकांच्या नोंदी सापडल्या : स्थानिक प्रोफाइल मिळालं नाही, तात्पुरतं देत आहे, जुनं बाजूला ठेवलं आहे. रेजिस्ट्रीत 'प्रोफाइललिस्ट' नावाची यादी असते, प्रत्येक माणसाच्या लांबलचक क्रमांकाची. त्यात बाबांच्या क्रमांकाला शेवटी 'डॉट बॅक' असं शेपूट लागलं होतं. पुष्कळदा ते शेपूट काढून नावं सरळ केली की काम होतं. आमचं झालं नाही. मग बाबांची एनटीयूझर डॉट डॅट हेक्समध्ये उघडली. पहिली चार अक्षरं बरोबर, दोन आकड्यांत एकाचा फरक, आणि थोडं खाली गेल्यावर शून्यं, शून्यं, शून्यं. किर्दीतही तेच. मग तो नाद सोडला. नवीन खातं बनवलं आणि जुन्यातून फाइली आणल्या. एनटीयूझर नावाच्या तीन फाइली सोडून सगळं आणायचं, असं मायक्रोसॉफ्टही सांगतं, कारण नाहीतर आजार सोबत येतो. ब्राउझरचे बुकमार्क आले, साठवलेले पासवर्ड आले नाहीत. ते जुन्या खात्याच्या किल्लीने कुलूपबंद असतात. बाबांकडे ते डायरीत लिहिलेले होते. आम्ही सॉफ्टवेअरवाले त्या डायरीला इतकी वर्षं हसलो होतो.

मग आजोबांची फाइल उघडली. आणि तिच्यात इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, उलटी स्वल्पविरामं. ४१ पानं.

हा या गोष्टीतला खास आपला भाग. सीडॅकचं आयएसएम, श्रीलिपी, आकृती, या सगळ्यांच्या काळात मराठी मजकूर बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेला असायचा. फाइलीत असायचं इंग्रजी अक्षर, त्याला मराठी रूप द्यायचा फॉन्ट. म्हणजे मराठी फाइलीत नाही, फॉन्टमध्ये. फॉन्ट गेला की उरतो तो चिवडा. पूर्वी फॉन्ट अख्ख्या कॉम्प्युटरसाठी बसायचे, विंडोजच्या फोल्डरात. २०१८ च्या त्याच १८०९ पासून, साधं 'इन्स्टॉल' म्हटलं तर फॉन्ट फक्त त्या माणसापुरता बसतो, त्याच्या प्रोफाइलमध्ये. आणि त्याची नोंद कुठे? एनटीयूझर डॉट डॅटमध्ये. आजोबांचा मजकूर डिस्कवर शाबूत होता. तो मराठी आहे, ही माहिती शून्यांमध्ये गेली होती.

फॉन्टची फाइल मात्र जुन्या फोल्डरमध्ये, 'ॲपडेटा'च्या पोटात, चार पायऱ्या आत सापडली. या वेळी 'सर्वांसाठी इन्स्टॉल' निवडलं. वर्ड बंद करून पुन्हा उघडलं आणि पहिल्या ओळीत गावाचं नाव आलं. बाबा उठून गॅलरीत गेले. रात्री त्यांना काहीतरी लिहायचं होतं तर मराठी कीबोर्डही गायब. तोही प्रोफाइलमध्येच असतो, चार शून्यांनंतर ०४४ई अशा एका ओळीत. ती ओळ परत घातली.

सध्या मी आजोबांची पानं युनिकोडमध्ये आणतेय. कन्व्हर्टर बरंच करतो, पण रफार आणि पहिली वेलांटी जागा चुकतात, आणि जोडाक्षरांत 'द्ध'चं भलतंच होतं. म्हणून आई मूळ फॉन्टमधलं मोठ्याने वाचते आणि मी दुसऱ्या स्क्रीनवर दुरुस्त करते. मध्येच ती थांबते, कारण अमक्याची म्हैस कुठल्या टेकडीवर सापडली यावर बाबांचं आणि आजोबांच्या मजकुराचं एकमत नाही. १४ पानं झाली आहेत.